रोज वापरायचा चाकू

३ जून

मोड्यास आशीर्वाद,

सोबत एक लहान डबी आहे. ती आधी उघडून टेबलावर ठेव आणि मग पुढचं वाच, नाहीतर वाचता वाचता पाडशील.

पाहिलास? घडीचा चाकू आहे, बाबांच्या कारखान्यातला, म्हणजे आता माझ्या. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पातं चांगल्या पोलादाचं. पण या चाकूचा जीव आहे तो पाठीवरचा खटका. पातं उघडलं की खटका टक्कन बसतो आणि आपण दाबून सोडवल्याशिवाय पातं मिटू देत नाही. बाबांचा खटका इतका ताठ असायचा की चाकू मिटताना म्हाताऱ्या माणसांचे अंगठे दुखून यायचे. मी या वेळी खटक्याला पाणी वेगळं दिलंय, म्हणजे तापवून थंड करायची बाबांची रीत बदलली आहे. आता एका बोटाने सुटतो. टिकतो किती, ते मात्र वापरूनच कळेल.

म्हणून तुला पाठवला. याची किंमत तुझ्या महिन्याच्या पगाराएवढी आहे, ते ऐकून कपाटात ठेवू नकोस. पार्सलखान्यात दिवसभर खोकी फोडतोस ना, ती याने फोड. सुतळी, चिकटपट्टी, पुठ्ठा, पेन्सिली, सफरचंद, काय वाटेल ते काप. दिवसातून चाळीस वेळा तरी तो उघडला-मिटला पाहिजे. आणि महिन्याच्या महिन्याला लिहून कळव की धार कशी आहे, पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्या खिळ्यात ते हलतं का, खटका पुरता बसतो का. फोन करू नकोस. घासायच्या चाकाने माझे कान खाल्लेत, फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते.

तुझा अहवाल चांगला आला तर असे तीस चाकू करणार आहे. पहिला कलमवाल्या काकांचा. ते रोपवाटिकेतले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा अंगठा संधिवाताने आखडलाय आणि बाबांचा खटका आता त्यांना झेपत नाही.

तुलाच का, असं विचारशील. घरातली घड्याळं, छत्र्या, नळाची तोटी, माझी सायकल, तुझ्या हाताखालून गेलेलं काय धड राहिलं ते सांग. तुझ्या हातून हा टिकला तर कुणाच्याही हातून टिकेल.

ताई


११ जून

ताईस नमस्कार,

डबी पाडली नाही. आधी हात धुतले, मग उघडली.

काय लिहू? मला कुणी अशी वस्तू कधी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून कामावर नेला. पार्सलखान्यातले सगळे भोवती जमले. वजनकाट्यावरचा तो कुचकट माणूस, जो माझ्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतो, त्यानेसुद्धा दोनदा उघडून मिटून पाहिला. साहेब आतून उठून आले. कुणी केला, म्हणाले. माझ्या बहिणीने, म्हटलं. त्यांनी पातं खिडकीकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, तुमचं घराणं कारागिरांचं आहे हे माहीत नव्हतं. वीस वर्षं त्या माणसाने मला "ते पार्सलवाले" म्हणूनच हाक मारली आहे.

खरं सांगू? पहिल्या दिवशी खोकं फोडायला हात झाला नाही. समोर ओल्या पुठ्ठ्याचं चिकट, घाण खोकं आणि हातात हे. शेवटी नेहमीच्या प्लॅस्टिकच्या कटरनेच फोडलं. एक-दोन दिवसांत हात सरावला की सुरुवात करतो.

तुझा भाऊ


१६ जून

मोड्यास आशीर्वाद,

तुझ्या साहेबांना नमस्कार सांग आणि चाकू रुमालातून बाहेर काढ.

मिरवायला पाठवला असता तर मखमलीच्या खोक्यात घालून पाठवला असता. कारागिराला त्याची वस्तू कपाटात गेलेली कळते तेव्हा काय वाटतं, ते तुला कसं सांगू? स्वयंपाक करून वाढावं आणि समोरच्याने ताटाचा फोटो काढून उठून जावं, तसं. महागडी वस्तू जपायची म्हणजे न वापरणं, हे तुम्हा लोकांच्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे. ती महाग आहे ती रोज वापरता यावी म्हणून.

पातं डागाळू दे. मुठीला तुझ्या हाताचा मळ बसू दे. आणि खरंच मोडला तर मला आनंद होईल, कारण कुठे मोडला ते मला कळेल. आजपासून चाळीस वेळा. हे काम आहे, भेट नाही.

ताई


२० जुलै

ताईस नमस्कार,

तुझी बोलणी खाऊन सुधारलो. आता चाकू माझ्या उजव्या खिशातच असतो. दिवसाला चाळीस कुठले, पन्नास-साठ वेळा उघडतो. पार्सलखान्यात आता कटरला कुणी विचारत नाही.

तू विचारलेलं क्रमाने लिहितो. धार पहिल्या दिवशी होती तशीच आहे, एकदाही दगड लावावा लागला नाही. पुठ्ठा असा कापतो की आवाजही होत नाही. खिळ्यात पातं जराही हलत नाही. खटका पुरता बसतो, टक्कन आवाजही येतो. काल तर मी मुद्दाम जोर देऊन पाहिला, ढिम्म हलला नाही. बाबांनी हे बघायला हवं होतं.

इकडे सगळं ठीक. गुडघा मधूनमधून कुरकुरतो.

तुझा भाऊ


२ सप्टेंबर

ताईस नमस्कार,

ऑगस्टचा अहवाल राहिला, कामाचा रेटा होता. नवीन काही नाही. धार उत्तम. खटका उत्तम. हिशेब केला तर आजवर तीन-साडेतीन हजार वेळा तरी उघडला असेल. तू निर्धास्त राहा.

तुझा भाऊ


१० सप्टेंबर

मोड्यास आशीर्वाद,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुकानाच्या फळीवर चिकटवून टाकलं.

तीस चाकूंचं पोलाद कापून झालं. खटके कालपासून भट्टीत घालतेय, तुझ्याकडच्या चाकूला दिलं तेच पाणी. कलमवाले काका येऊन बसले होते. नव्या खटक्यावर त्यांचा भरवसा बसेना. तुझे वडील असले नाजूक काम करत नसत, म्हणाले. तेव्हा मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. साडेतीन हजार वेळा, काका, आणि कुणाच्या हातात? आमच्या मोड्याच्या. काका खोकला येईपर्यंत हसले. लहानपणी तू त्यांच्या काचघराची काच फोडली होतीस ते त्यांना आठवत होतं. मग म्हणाले, कर बाई, तुझ्या भावाच्या शब्दावर घेतो.

तुझ्यामुळे आज पहिल्यांदा मला वाटलं की बाबांच्या पुढे एक पाऊल टाकलं. हे तोंडाने सांगितलं नसतं, म्हणून लिहितेय.

ताई


१८ सप्टेंबर

ताईस नमस्कार,

पत्र मिळालं. आनंद झाला.

काकांना माझा नमस्कार सांग. चाकू कितीही चांगला असला तरी वापरताना बोटं जपावीत, एवढं त्यांना माझ्याकडून सांग. वय झालंय त्यांचं. आणि शक्य असेल तर तीसच्या तीस एकदम करण्यापेक्षा आधी चार-पाच करून बघितलेस तर? अर्थात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सहज सुचलं म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ


८ नोव्हेंबर

मोड्यास,

काकांना मी चाकू ऑक्टोबरच्या पाच तारखेला दिला. परवा ते कलमासाठी फांदीला खाच घेत होते. डाव्या हातात फांदी, उजव्यात चाकू. जोर दिला तसा खटका सुटला आणि पातं मिटलं ते मूठ धरलेल्या बोटांवर. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या आतल्या शिरा तुटल्या. डॉक्टरांनी शिवल्यात, पण ती बोटं आता वाकणार नाहीत, असं म्हणाले. पन्नास वर्षं त्या हाताने कलमं बांधली आहेत त्यांनी. आता शर्टाचं बटण काकू लावून देतात.

उरलेल्या एकोणतीस लोकांना चाकू वापरू नका, परत पाठवा, असं कळवलं आहे. काकांचा चाकू माझ्यासमोर आहे. खटक्याचं नाक, म्हणजे पात्याला अडवणारं टोक, झिजून गोल झालंय. म्हणजे माझं पाणी मऊ पडलं. ते समजलं. समजत नाही ते एवढंच, की काकांनी हा चाकू महिनाभर वापरला, कलमाच्या दिवसांत अगदी शंभर वेळा धर रोजचे, म्हणजे तीन हजार झाले. तुझा साडेतीन हजारांना ढिम्म हलला नाही. एकाच पोलादाचे, एकाच पाण्याचे दोन खटके. काकांच्या चाकूत मी काहीतरी वेगळं केलं असणार आणि ते मला सापडत नाही. तुझा चाकू लगेच पाठव. दोन्ही शेजारी ठेवून पाहीन.

ताई


२२ नोव्हेंबर

ताईस नमस्कार,

काकांचं वाचून जेवण गेलं नाही. चाकू पाठवतोय. पाठवायला उशीर झाला, गुडघ्यामुळे दोन-चार दिवस घरीच होतो. अलीकडे पात्यावर जरा ओरखडे आले आहेत आणि धारही थोडी गेली आहे, वापरामुळे. खटक्याचं मला काही वेगळं जाणवलं नाही.

काका मुळातच थोडे घाईने काम करतात, नाही का? तू स्वतःला लावून घेऊ नकोस.

तुझा भाऊ


२ डिसेंबर

चाकू मिळाला. उघडून सुटा केला.

खिशात वागवलेल्या चाकूच्या खाचेत खिशाचे धागे जातात. पुठ्ठा कापला तर पुठ्ठ्याचा भुगा जातो आणि तेलात कालवून काळा होतो. तुझ्या चाकूची खाच स्वच्छ आहे. खिळ्याभोवती मी मे महिन्यात घातलेलं तेल अजून पिवळं आहे. खटक्याच्या नाकावर माझ्या कानशीच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. हा चाकू पन्नास वेळासुद्धा उघडलेला नाही.

पात्यावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेचे आहेत. दगडी पायरीवर घासलास ना? धारही तिथेच घालवलीस. मी चाकूवाल्याची मुलगी आहे आणि तेहतीस वर्षं हेच काम करतेय. निदान मला फसवायला तरी जरा नीट घासायचास.

का, ते सांग. बाकी काही लिहू नकोस.


९ डिसेंबर

ताई,

नऊ वर्षांचा होतो. बाबांच्या टेबलावरून एक पातं उचललं, फक्त बघायला, आणि ते खाली पडून टोक गेलं. बाबांनी कान धरून मला रस्त्यावर आणून उभं केलं आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, या पोराच्या हाताला खोड आहे, याला परत आत येऊ द्यायचं नाही. तू आत होतीस, भाता ओढत. त्या दिवसापासून मी मोड्या झालो. तू त्या नावाने प्रेमाने हाक मारतेस, हे मला ठाऊक आहे. सेहेचाळीसचा झालो तरी ऐकताना कान गरम होतो, हे तुला ठाऊक नाही.

तुझी डबी आली आणि मला वाटलं, अखेर कारखान्यातली एक वस्तू माझ्या हातात दिली गेली. तुझ्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मोडणाऱ्याच्या हातून टिकतो का ते बघायचंय. ते मी वाचलं. पण मला तसं वाचायचं नव्हतं. ठरवलं, ही एक वस्तू माझ्या हातून मोडणार नाही. कपाटात, रुमालात, वरच्या फळीवर ठेवली. रविवारी काढून पुसत होतो. पुसताना जेवढा उघडला तेवढाच.

मग तुझी बोलणी आली. वापरत नाही म्हणून सांगितलं असतं तर तू परत मागवला असतास. एकदा खोटं लिहिलं आणि पुढचं आपोआप येत गेलं. तू फळीवर पत्र चिकटवलंस ते वाचून मी दोन दिवस नीट खाल्लं नाही, पण लिहिलंही नाही. "आधी चार-पाच कर" एवढंच लिहायची हिंमत झाली. भित्रा माणूस आहे मी. चाकूला जपलं आणि काकांचा हात गेला.

मी येतो. काकांच्या पाया पडतो, जे काय म्हणतील ते ऐकून घेतो.


१५ डिसेंबर

तुझं पत्र वाचलं. बाबांनी तुला रस्त्यावर उभं केलं तो दिवस मला आठवतो. मी काही बोलले नव्हते, तेही आठवतं.

येऊ नकोस. पाया पडून तुला हलकं वाटेल, काकांना आणखी एका माणसाचं सांत्वन करावं लागेल.

चाकू जोडून, तेल घालून परत पाठवतेय. पात्याला नवी धार लावली आहे. आता तरी वापर. उजव्या हातात जाडजूड चामड्याचा हातमोजा घालून वापर. चाळीस वेळा, रोज, मोजून, आणि काय होतं ते खरं लिही. उरलेल्या चाकूंपैकी अकरा अजून परत आलेले नाहीत, लोकांना तो हलका खटका आवडलाय, चाकू द्यायला तयार नाहीत. कितव्या वेळेला सुटतो हे मला आकड्यात सांगता आलं तरच ते ऐकतील.

ताई


१० मार्च

ताई,

अठरा डिसेंबरला सुरुवात केली. रविवार सोडून रोज चाळीस वेळा. भिंतीवर कागद लावून प्रत्येक खोक्यामागे रेघ मारली. कागदांची छायाचित्रं सोबत आहेत.

आठव्या दिवशी धार पार गेली. पुठ्ठा कापायचा सोडून फाटू लागला. त्यानंतर दर आठवड्याला दगड लावला. साठाव्या दिवशी खिळ्यात पातं किंचित हलू लागलं. पासष्टाव्या दिवसापासून खटक्याचा टक्क आवाज येईनासा झाला, नुसताच बसायचा. काल, एकाहत्तराव्या दिवशी, सुतळीला जोर दिला आणि तो सुटला. हातमोजा कापला गेला, बोटाला थोडंसंच लागलं. म्हणजे दोन हजार आठशे चाळीसच्या आसपास.

मूठ काळी पडलीय. पातं डागांनी भरलंय. वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, अरेरे, काय करून ठेवलंत.

जूनमध्ये सुरुवात केली असती तर ऑगस्ट संपायच्या आत सुटला असता. तुझी भट्टी सप्टेंबरात पेटली. हे गणित मी रोज करतो. ताई, एकदा तरी शिव्या घाल. तू काहीच बोलत नाहीस, ते सोसवत नाही.

तुझा भाऊ


१९ मार्च

भावास,

आकडा मिळाला. अकराही जणांना लिहून कळवला. नऊ चाकू परत आले.

शिव्या घालायला मी सारखी बसते आणि कागद फाडून टाकते. का, ते आज लिहिते. तू एकट्यानेच गणित करत राहावंस, असं परवापर्यंत मला वाटत होतं. त्यात मला बरं वाटत होतं, हेही खरं.

पुठ्ठा कुठलंही पातं आठ दिवसांत खातो. जगातलं कुठलंही. चाकू करणाऱ्याला हे पहिल्या वर्षी कळतं. वीस जुलैला तू लिहिलंस की महिनाभर रोज पन्नास-साठ खोकी फोडली आणि एकदाही दगड लावावा लागला नाही. मी ते वाक्य वाचलं तेव्हा हातात दगडच होता. मला तिथेच कळलं होतं. हा चाकू याने वापरलेला नाही, असं मनात अगदी स्पष्ट आलं. तेव्हाच तुला एक ओळ लिहून तो परत मागवू शकले असते आणि तीन महिने स्वतः वापरून पाहू शकले असते.

नाही लिहिली. तीस गिऱ्हाइकं थांबली होती. शिवाय तू लिहिलं होतंस की बाबांनी हे बघायला हवं होतं, आणि ते मला इतकं गोड लागलं की बाकीचं पत्र मी खरं मानायचं ठरवलं. खोटं तू लिहिलंस. पण काकांसमोर बसून ते मोठ्याने मी वाचलं, खोटं आहे हे ठाऊक असताना, आणि त्यांना हसवलं.

नोव्हेंबरात तुझ्याकडून चाकू मागवला तो तपासायला नव्हताच. तू खोटं लिहिलंस याचा पुरावा हातात हवा होता, म्हणजे माझ्या चुकीचं कुणी विचारणार नाही. "काकांच्या चाकूत मी काहीतरी वेगळं केलं असणार" हे वाक्य मी तुला सापळा म्हणून लिहिलं होतं. तू त्यात पायरीवर घासलेला चाकू आणून ठेवलास आणि मी दोन दिवस सुखाने जेवले.

काकांना अजून एवढंच माहीत आहे की भावाने फसवलं. बिचारी पोर, भावाच्या शब्दावर गेली, असं ते गावभर सांगतात. काकू मला घरचं लोणी पाठवतात. ते मी तीन महिने खाल्लं.

उद्या सकाळी त्यांच्याकडे जाते आहे, सगळं सांगायला. त्यांनी दार लावून घेतलं तर दारातून सांगेन. तू येऊ नकोस. तू शेजारी असलास तर मी पुन्हा अर्धंच सांगेन.

ताई